'गो'चं 'वेन्ट' कसं झालं?

प्रश्न : माझी मुलगी मराठी मीडियमला पाचवीत आहे. चाचणीत तिने 'गो'चा पास्ट टेन्स 'गोएड' लिहिला, बाईंनी लाल पेनने काट मारली. घरी येऊन विचारते, वॉकचं वॉक्ड, जंपचं जंप्ड, मग गोचंच वेन्ट का? मला सांगता आलं नाही. आणि खरं सांगू, 'गॉन' आणि 'बीन'मध्ये माझाही घोळ होतो. – एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी लेकीला शाबासकी द्या, तिने नियम अगदी बरोबर लावलाय. 'वेन्ट' मुळात 'गो'चा नाहीच. इंग्रजीत 'वेन्ड' म्हणून दुसरं क्रियापद होतं, वळणं, वाटेला लागणं असा अर्थ, आणि सेन्डचं सेन्ट, बेन्डचं बेन्ट होतं तसं त्याचं वेन्ट व्हायचं. गोचा भूतकाळ पूर्वी वेगळाच होता, तो मागे पडत गेला आणि १५व्या शतकाच्या आसपास त्याच्या जागी हा वेन्ट येऊन बसला तो कायमचा. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत मात्र 'गेड' म्हणतात, म्हणजे लेकीने लिहिलं त्याच्या अगदी जवळचं!

आणि गंमत बघा, आपणही रोज हेच करतो. बसचं बसला, उठचं उठला, मग जाचं 'जाला' का नाही? कारण संस्कृतात जाण्याला 'या' आणि 'गम्' असे दोन धातू, 'याति'वरून आपलं जातो आलं आणि 'गत'वरून गेला. दोन वेगळ्या घरचे शब्द एका क्रियापदात नांदतायत. तिला हे जरूर सांगा, मला स्वतःला हे कळलं तेव्हा कितीतरी दिवस डोक्यातून जात नव्हतं.

आता गॉन-बीन. 'बाबा पुण्याला गेलेत', म्हणजे अजून तिकडेच, इथे 'हॅज गॉन टू पुणे'. 'बाबा पुण्याला जाऊन आलेत', म्हणजे परत आले, चपला दारात दिसतायत, तर 'हॅज बीन टू पुणे'. मनात 'जाऊन आलेत' बसतंय का बघायचं, बसलं की बीन. ऑफिसात फोनवर 'सर हॅज बीन टू मुंबई' सांगितलं तर समोरच्याला वाटतं साहेब परत आलेत, आणि ते तर अजून मुंबईतच असतात.

आणि हो, 'गो टू होम' नको, नुसतं 'गो होम'. आपण तरी कुठे 'घराला जातो' म्हणतो, घरीच जातो ना.