बास्केटबॉलचा कोच शाळेत नेटबॉल शिकवू शकेल का?

तुम्ही विचारलंय, बास्केटबॉल शिकवताच आहात, तर त्याच बोर्डावर मुलींचा नेटबॉल संघ उभा राहील का आणि आठवड्यातून किती दिवस लागतील. तीन दिवस, दीड-दीड तास. पण "ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पळणं) काढलं की झालं नेटबॉल" असं क्रीडाशिक्षकांच्या तोंडून ऐकलं की डोकं फिरतं, म्हणून बाकीचं सविस्तर.

रिंगची उंची दोन्हीकडे ३.०५ मीटर. साम्य तिथेच संपलं. बास्केटबॉलची रिंग ४५ सेंमी, नेटबॉलची ३८, आणि मागे बोर्डच नाही. बोर्डावर शिकलेल्या मुलीचा चेंडू सपाट जातो आणि खांबापलीकडे पडतो. वेल्डरकडून खांब करून घ्या, रिंग खांबापासून १५ सेंमी पुढे. नेमबाजी दीड मीटरवरून सुरू करा. दहात सात पडेपर्यंत मागे सरकू देऊ नका.

खरं घोडं अडतं ते पायांवर. चेंडू घेऊन एका पायावर उतरलात तर तो पहिला पाय. दुसरा हवा तिथे टाका, पहिल्यावर गिरकी घ्या, पहिला उचला. पण तो परत टेकायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे, नाहीतर चूक धरून चेंडू समोरच्यांना, म्हणजे फ्री पास. हे सगळं तीन सेकंदांत. लेअपची (बास्केटबॉलमध्ये धावत दोन पावलं टाकून रिंगजवळून चेंडू टाकायची) सवय असलेली मुलगी धावण्याचा वेग एकदम तोडू शकत नाही, तिचा पाय आपसूक पुन्हा टेकतो. मग ती गुडघा ताठ करून थांबायला बघते, आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याला स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, बहुतेकदा असंच, कुणाचा धक्का न लागता फाटतं. शाळांची मैदानं सिमेंटची, त्यात भर.

म्हणून रोज पहिली १५ मिनिटं चेंडू न देता: चार पावलं धाव, उडी, दोन्ही पायांवर उतरणं, दोन आकडे मोजेपर्यंत स्थिर. गुडघा पंजाच्या रेषेत, आत वळलेला नको. ते जमलं की जोडीदार तीन मीटरवरून पास देईल, मग एका पायावर, शेवटी हवेतच वळून. "वेळ वाया जातो" म्हणणाऱ्या सरांना सामन्यात आपल्या संघाने समोरच्यांना दिलेले फ्री पास मोजायला बसवावं.

बचावाला ९० सेंमीची काठी ठेवा. चेंडूवालीच्या पहिल्या पायापासून तेवढं अंतर सोडूनच हात वर. कमी पडलं तर पेनल्टी पास, आणि चूक करणारी पास सुटेपर्यंत शेजारी गप्प उभी. बास्केटबॉलवाल्या मुली इथे हमखास अडकतात.

उंच मुलीला कायमची गोलकीपर करू नका. सरावात दर क्वार्टरला (सामन्याच्या चौथ्या भागाला) बिब, म्हणजे जागेचं नाव लिहिलेलं जाकीट, बदला, निदान सेंटर आणि विंग डिफेन्स या जागांवर सगळ्यांनी खेळावं.

हो, हे सातवीपासून पुढच्यांसाठी. लहानांना ४ नंबरचा (आकाराने लहान) चेंडू द्या, रिंग खाली घ्या. गुडघा सुजलेल्या मुलीला आधी डॉक्टरकडे पाठवा, उड्या नंतर.