ऑनलाइन स्पेअर पार्ट: आधी नंबर, मग विक्रेता

तुमचा प्रश्न असा आहे: पुढच्या ब्रेक डिस्क, पॅड आणि लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) बदलायचे आहेत, तोच पार्ट चार साइटवर चार भावांत दिसतोय, मग विश्वास कोणावर ठेवायचा? माझं मत असं की विक्रेता नंतर शोधा, आधी पार्ट नंबर पक्का करा. नंबर हातात असला की विक्रेता कामाचा आहे की नाही हे दोन प्रश्नांत कळतं. नंबर नसेल तर प्रामाणिक विक्रेताही चुकीचा पार्ट पाठवू शकतो.

नंबर मिळतो चेसिस नंबरावरून. तो १७ अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. म्हणजे ओसारखं दिसेल ते शून्यच वाचायचं. गाडीच्या कागदपत्रांवर तो असतो, आणि बहुतेक गाड्यांत काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवरही. दहाव्या अक्षरावरून मॉडेल वर्ष काढायची सवय अनेकांना आहे, पण सगळे उत्पादक तसं देत नाहीत. पूर्ण चेसिस नंबर टाकून गाडीच्या कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये बघा, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरला विचारा.

साइटवर गाडीचं नाव, वर्ष आणि इंजिन निवडलं की पार्ट दिसतात, मग एवढी खटपट कशाला, असं वाटेल. पाचव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ घ्या. तिच्या पुढच्या डिस्क २८० × २२, २८८ × २५ आणि ३१२ × २५ मि.मी. अशा वेगवेगळ्या मापांत आल्या, आणि त्यांच्याबरोबर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) व पॅडही बदलले. नाव, वर्ष आणि इंजिनावरून यातली नेमकी कोणती हे दर वेळी ठरत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत डिकीच्या तळाशी आणि सर्व्हिस पुस्तिकेत पीआर कोडचं, म्हणजे कारखान्यात गाडीला काय काय बसवलं त्याच्या कोडचं स्टिकर असतं, त्यावर ब्रेकचा प्रकार लिहिलेला असतो. बाकी गाड्यांत चेसिस नंबर, किंवा जुना पार्ट काढून व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या पट्टीने) घेतलेलं माप.

नंबर मिळाल्यावर तो अजून चालू आहे का तेही तपासा. कंपनी जुना नंबर बंद करून नवा देते, कधी फक्त शेवटचं अक्षर बदलतं. नव्या नंबराचा पार्ट सहसा जुन्याच्या जागी चालतो, उलटं दर वेळी चालत नाही. डावा-उजवा हा चालकाच्या सीटवर पुढे तोंड करून बसल्यावरचा. हेडलाइट, स्टिअरिंग रॅक आणि वायपर घेताना पार्ट उजव्या स्टिअरिंगचा की डाव्या हे विचाराच. उलट्या बाजूचा हेडलाइट नीट बसला तरी त्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

आता ब्रँड. गाडीची कंपनी बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही. ब्रेक एटीई, टीआरडब्ल्यू, ब्रेम्बो यांच्याकडून येतात, बेअरिंग एसकेएफ किंवा एफएजीकडून, फिल्टर मान किंवा माहलेकडून, प्लग एनजीके, डेन्सो किंवा बॉशकडून. टेकडॉकसारख्या कॅटलॉगमध्ये कंपनीचा नंबर टाकला की या उत्पादकांचे समांतर नंबर मिळतात. तुमच्या पार्टचा मूळ उत्पादक कोण हे कळलं तर त्याच्याच खोक्यातला पार्ट घ्या. पैसे वाचतात आणि दर्जा टिकतो. अशा पार्टवर कधी कधी गाडीच्या कंपनीचं चिन्ह घासून काढलेलं दिसतं. तेवढ्यावरून तो नकली ठरवू नका, एकाच साच्यातला माल उत्पादकाच्या स्वतःच्या नावाने विकताना असं करतात.

जाहिरातीतल्या 'ओईएम दर्जा' (म्हणजे मूळ उत्पादकाच्या तोडीचा) या शब्दांना मात्र किंमत देऊ नका, ते कोणीही छापू शकतं. आयएसओ ९००१ आणि आयएटीएफ १६९४९ ही प्रमाणपत्रं कारखान्याच्या कार्यपद्धतीची असतात, हातातल्या पार्टची नव्हे. ब्रेक पॅडला आर९० ही बदली ब्रेक पार्टसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमाची मान्यता जास्त महत्त्वाची, कारण त्यात बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. पॅडच्या लोखंडी पाठीवर वर्तुळात ई आणि आकडा असतो, शेजारी ९०आर ने सुरू होणारा मान्यता क्रमांक. वर्तुळातला आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा, १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. तो दर्जाची पायरी नाही.

विक्रेत्याला विचारायचे दोन प्रश्न हे. पहिला: चेसिस नंबर पाठवा आणि 'कोणता नंबर बसेल' एवढंच विचारा, तुमच्याकडचा नंबर सांगू नका. त्याचं उत्तर तुमच्या नंबराशी जुळलं, किंवा त्याने उलट 'डिस्कचं माप किती, कॅलिपर कोणत्या कंपनीचं' असं विचारलं, तर माणूस जाणकार आहे. 'बिनधास्त घ्या, बसेल' एवढंच उत्तर आलं तर तिथून निघा. दुसरा: स्टॉकमधल्या खोक्याच्या लेबलचा आणि पार्टवरच्या कोरीव नंबराचा फोटो मागा. ज्याच्याकडे माल आहे तो फोटो देतो. कॅटलॉगमधलंच चित्र परत आलं तर माल बहुधा त्याच्या हातात नाही.

उत्पादकाच्या वेबसाइटवर अधिकृत वितरकांची यादी असेल तर तीही बघा. मोठ्या बाजारपेठी साइटवर 'विक्रेता कोण' ही ओळ वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, कारण एकाच पानावर अनेक विक्रेते असतात आणि पानावरचे तारे त्या सगळ्यांचे मिळून असतात. अभिप्रायांत पाच तारेवाले सोडा. चुकीचा पार्ट आल्यावर काय झालं हे ज्यांनी लिहिलंय ते वाचा. परतीच्या अटींत तीन गोष्टी बघा: परतीचं भाडं कोणाचं, विजेचे पार्ट परत घेतात का, आणि दुरुस्त करून विकलेल्या अल्टरनेटर किंवा कॅलिपरवर जुना पार्ट पाठवल्यावर परत मिळणारी अनामत किती. पैसे कार्डाने द्या म्हणजे वाद झाल्यास बँकेकडे तक्रार करता येते. बिलावर पार्ट नंबर असलाच पाहिजे. नवीन विक्रेता असेल तर पहिली ऑर्डर एअर फिल्टरसारख्या किरकोळ वस्तूची द्या.

नकली माल सर्वाधिक पटकन खपणाऱ्या पार्टमध्ये असतो: ऑइल फिल्टर, प्लग, पॅड, बेअरिंग, सेन्सर. ऑइल फिल्टर बाहेरून हुबेहूब करणं सोपं असतं, फरक आत असतो. कडेच्या छोट्या भोकांमागे रबराची पाळी असते, ती इंजिन बंद असताना तेल परत खाली जाऊ देत नाही. ती कडक किंवा तोकडी असेल तर सकाळी इंजिन सुरू करताना थोडा वेळ तेलाविना खडखड येते. दुसरा बायपास व्हॉल्व्ह: तो ठरल्यापेक्षा कमी दाबाला उघडला तर तेल न गाळता इंजिनात जातं, आणि हे बाहेरून कधीच कळत नाही. म्हणूनच फिल्टरच्या बाबतीत थोड्या पैशांची बचत मला अजिबात पटत नाही. खोक्यावर पडताळणीचा क्यूआर कोड असेल तर उत्पादकाच्या साइटवर किंवा ॲपमध्ये स्वतः जाऊन तपासा, कारण नकली कोड नकली पानावरच नेतो.

एअरबॅग आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारे भाग) अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडून घेऊच नका. २०१२ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने नकली एअरबॅगबद्दल जाहीर इशारा दिला होता. चाचणीत काही उघडल्याच नाहीत, तर काहींमधून धातूचे तुकडे उडाले.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा आणि बसवण्याआधी मोजा, कारण एकदा बसवलेला पार्ट बहुतेक जण परत घेत नाहीत. डिस्कचा व्यास, जाडी, एकूण उंची आणि मधलं भोक जुन्याशी पडताळा. कडेला किंवा हबवर किमान जाडी कोरलेली असते, तीही जुळली पाहिजे. वाहतुकीत आदळून काठ तुटला आहे का बघा, बीड लोखंड आहे ते. लोअर आर्ममध्ये बॉल जॉइंटच्या दांड्याची जाडी आणि बुशची (जोडातल्या रबरी नळीची) दिशा जुन्याशेजारी ठेवून बघा.

तुमच्या यादीबद्दल एवढंच: डिस्क आणि पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. कंपनीने लोअर आर्मचे बोल्ट एकदाच वापरायचे म्हटलं असेल तर तेही त्याच ऑर्डरमध्ये घ्या. बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटपर्यंत आवळू नका. चाकांवर वजन आल्यावर आवळा. नाहीतर बुश कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं, आणि बसवण्यातली चूक म्हणून वॉरंटीचा दावाही फेटाळला जातो.