एसओपी सात जणांनी वाचला, आता कुणाचं ऐकू?

"ताई, अमेरिकेत एमएससाठी लिहिलेला एसओपी सात जणांना दाखवला. प्रत्येक जण वेगळंच सांगतो. काय करू?" असं विचारलंयस, आणि जाताजाता इकडच्या एकटेपणाचंही. एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, हाच विषय का शिकायचाय हे विद्यापीठाला सांगणारा निबंध. व्हिसा, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद), बँकेचे कागद यांवर लिहीत नाही, ते सरकारी साइटवर नीट आहे. पण हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आधी, सात फार झाले. तीन पुरेत: एक तुझ्या विषयातला, एक तुला जवळून ओळखणारा, आणि एक ज्याला तूही ठाऊक नाहीस नि विषयही. एडिटचा हक्क कुणालाच देऊ नकोस, फक्त कमेंटचा. मूळ प्रत तारीख घालून वेगळी ठेव. पंधरा दुरुस्त्यांनंतर पुष्कळदा तीच बरी निघते. मर्यादा १,००० शब्दांची असेल तर ८५० झाले की वाचायला दे. वाचणारे भर घालायलाच सांगतात, "हे काढ" म्हणणारा विरळा.

"कसा वाटला?" विचारलंस की "छान!" येणार. त्यापेक्षा वाचून झाल्यावर फाइल बंद करायला लाव आणि विचार: माझ्याबद्दल काय लक्षात राहिलं? कुठे अडखळलात? "मेहनती मुलगा" एवढंच राहिलं असेल तर तो एसओपी कुणाच्याही नावावर खपेल.

आता तू पाठवलेलं वाक्यच घेऊ. "पंपाच्या बेअरिंगची कंपनं सहा आठवडे मोजली, चौथ्या आठवड्यात सेन्सर सैल असल्याचं कळलं आणि तोवरचा डेटा टाकून द्यावा लागला." मामा म्हणाले, अपयश कशाला सांगतोस? परदेशी प्रवेशाच्या काउन्सेलरने ते खोडून 'लहानपणापासून यंत्रांची ओढ' घातली. मित्राने विचारलं, कळलं कसं? उपाय तीन, पण बोट एकाच जागी. तिथे काहीतरी उणं आहे एवढं मान्य कर, उपाय मात्र तुझा तू शोध. मित्राला दिलेलं उत्तरच तिथे हवं होतं: वरच्या वारंवारतेचे आकडे पडले म्हणून संशय आला, मग सेन्सर मॅग्नेटने चिकटवण्याऐवजी स्टडवर, म्हणजे स्क्रूने घट्ट, बसवला, रोज सुरुवातीला एक तपासणीचं रीडिंग घेतलं. दोन ओळी. बालपणीची ओढ काढ, ती ढिगाने येते. या काउन्सेलर मंडळींनी किती बऱ्या मुलांचे एसओपी एकाच इस्त्रीखाली घातलेत, त्याचा राग अजून जात नाही.

वाद न घालता ऐकायचं ते तथ्यांचं. प्रोजेक्टचे महिने, गुण, पदाचं नाव हे सीव्ही आणि मार्कशीटशी जुळायलाच हवं. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही शेवटची प्रत पाठव, नाहीतर तू सहा आठवडे म्हणशील आणि ते तीन महिने लिहितील.

सल्ला शिळाही होतो. ब्रिटनच्या पदवीसाठीचा युकासचा (तिथले प्रवेश-अर्ज घेणारी संस्था) निबंध २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलाय. एकूण मर्यादा तीच, ४,००० कॅरॅक्टर, पण प्रत्येक उत्तराला किमान ३५० हवेत. तिथे पूर्वीच्या सीनियरचा सलग निबंध नमुना म्हणून चालत नाही. ऑस्ट्रेलियाचं जीटीई, म्हणजे 'मी खरोखर तात्पुरता शिकायलाच येतोय' हे पटवणारं व्हिसाचं निवेदन, मार्च २०२४ मध्येच गेलं, तरी त्याचे साचे अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात.

शेवटचे तीन दिवस कुणाचीच नवी कमेंट घेऊ नकोस. दुसऱ्या विद्यापीठाचं नाव चुकून राहिलं नाही ना, एवढं शोध.

राहिली तुझ्या आईची कमेंट: "यात आमचं नावच नाही." ती एसओपीवरची नाही रे. त्यासाठी एसओपी बदलू नकोस, निवड समिती तिथे तुझं काम बघते. पण 'रिझॉल्व्ह' दाबून मिटवूही नकोस. इकडे आल्यावर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती पुन्हा उघडते. एकटेपणाचं विचारलंयस, त्यावर एवढंच. बर्कलीसारखी काही विद्यापीठं एसओपीखेरीज वेगळं वैयक्तिक निवेदन मागतात, त्यात घराला जागा असते. ते लिहायच्या आधी आईला फोन कर आणि तुझ्या पहिल्या फीचे पैसे कुठून आले होते ते विचार.