पाच एकर सोलरला द्यावी का?

प्रश्न : औसा तालुक्यात (जि. लातूर) आमची वडिलोपार्जित पाच एकर जिरायत आहे. सातबारा वडिलांच्या नावावर, वय 66. मी पुण्यात नोकरीला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (सौर वीज प्रकल्पाला जमीन भाड्याने द्यायची) हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं मिळतंय, करार 25 वर्षांचा. सगळी देऊन टाकावी का?

उत्तर : तुम्ही पाठवलेला हिशेब पाहिला. सोयाबीन एकरी सात क्विंटल, 4,200 ने घातलं. 29,400 आले, बियाणं-खत-फवारणी-मळणीत 19,000 गेले. हरभऱ्याचे अकरा हजार सुटले. म्हणजे एकरी एकवीस हजार, तेही वडिलांची मजुरी न धरता. भाडं एकरी पन्नास हजार पडतं. (रेडी रेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, 6 टक्के रक्कम सव्वा लाखाच्या वर जात असेल तर ती मिळते, गावचा दर बघून घ्या.)

मेख वाढीत आहे. भाडं वर्षाला 3 टक्क्यांनी चढतं, म्हणजे 25व्या वर्षी हेक्टरी साधारण 2.54 लाख. दुप्पट झालं खरं, पण महागाई 6 टक्के धरली तर तोवर किराणा चौपट झालेला असेल. आजच्या हिशेबात ते जेमतेम 63 हजार. सोयाबीनचा हमीभाव 2014-15 मध्ये 2,560 होता, 2025-26 ला 5,328 झाला. तो मोंढ्यात हातात पडत नाही हे तुमच्या विक्रीच्या पट्टीवरच दिसतंय, तरी हमीभाव अकरा वर्षांत दुप्पट आणि भाडं चोवीस वर्षांत दुप्पट, फरक मोठा आहे.

म्हणून मुरमाड तीन एकर द्या आणि विहिरीकडची दोन ठेवा. दीड लाख भाडं, वर दोन एकरांचे बेचाळीस हजार. आज सगळ्या शेतातून लाखभर सुटतात. शिवाय वडिलांना सकाळी उठून जायला वावर राहील, त्याचा आकडा मला काढता येत नाही. पहिली दहा वर्षं निम्मं भाडं खर्चू नका, गुंतवा. पुढची वर्षं हलकी जाणार आहेत.

सातबारा घाईने स्वतःच्या नावावर करू नका. हे भाडं शेती उत्पन्नात धरत नाहीत, त्यामुळे करमाफ नाही. वडिलांना दुसरं उत्पन्न नाही आणि नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही. तेच तुमच्या पगारात मिळालं तर त्यावर कर बसेल.

करार नोंदणीकृतच हवा. भाडं सहीच्या तारखेपासून की वीज सुरू झाल्यापासून, हे त्यात लिहून घ्या. मुदत संपल्यावर खांब उपटून रान मोकळं करायचा खर्च कंपनीचा, आणि प्रकल्पाच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढणार नाही, हेही. बहिणीचा हिस्सा आहे, तिची संमती आत्ताच घ्या.

आणि तो एजंट ‘फाईल खर्च’ म्हणून पंधरा हजार मागतोय ना, ते अजिबात देऊ नका.