तळ्याकाठी निर्गुडी लावताना

गावतळ्याच्या काठासाठी देशी झुडूप हवे असेल, तर मी निर्गुडीच सुचवीन. ती मूळची ओढ्यानाल्यांच्या काठची असली, तरी बारमाही साचलेल्या पाण्यात लावू नये. पावसात भिजणारी, पण पाणी ओसरून जाणारी, काठाच्या थोडी वरची जागा तिला मानवते.

रोपे विकत घेण्याची गरज नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या पक्व फांद्या निवडून, त्यांची किमान दोन पेरे मातीत जातील अशा बेताने त्या खोचाव्यात; मुळे फुटली का हे उपटून पाहण्याचा मोह मात्र आवरावा (मला तो पहिल्या वर्षी आवरला नव्हता). उग्र वासामुळे शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो. निळसर-जांभळ्या फुलांवर मधमाश्या आणि फुलपाखरे येतात, दाट जाळीत लहान पक्ष्यांना आडोसा मिळतो. म्हणून फुलोरा संपल्यावर आणि घरटी नाहीत याची खात्री करूनच छाटणी करावी.

काठावर आधीच बेशरम माजली असेल, तर ती प्रथम मुळासकट काढावी. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झुडपाचा तुटका तुकडाही ओल्या मातीत पुन्हा रुजतो, म्हणून तोडलेल्या काड्या पाण्यापासून दूर नेऊन वाळवाव्यात.