क्वांटममधला ऑब्झर्व्हर म्हणजे 'साक्षी' का?

प्रश्न असा आलाय: "क्वांटम फिजिक्सवरच्या एका मराठी लेखात 'साक्षीशिवाय कणाला अस्तित्व नाही' असं वाक्य आहे, आणि त्यावरून पुढे सगळ्या विश्वालाही कोणीतरी साक्षी हवाच, तो म्हणजे देव, असं म्हटलंय. ऑब्झर्व्हरला साक्षी किंवा द्रष्टा म्हणणं बरोबर आहे का? आणि मुळात देव मानणं क्वांटम फिजिक्सशी जुळतं का?"

शब्दाचं आधी सांगतो. बरोबर नाही. 'निरीक्षक' चालेल, पोलीस निरीक्षक डोळ्यासमोर येतो हा त्रास आहे पण चालेल. मला विचाराल तर तिथे माणसाचा शब्दच नको, सरळ 'मोजमाप' म्हणा, पुस्तकी हवं असेल तर 'मापन'. देवाचं उत्तर जरा लांब आहे, पण ते बरंचसं ह्या शब्दातच अडकलंय, कारण त्या लेखातला देव क्वांटममधून आलेलाच नाही, तो 'साक्षी' ह्या शब्दाबरोबर आत शिरलाय.

फिजिक्सवाले ऑब्झर्व्हर हा शब्द फार सैल वापरतात, दोष त्यांचाही आहे. आईनस्टाईनच्या १९०५ च्या सापेक्षतेतही ऑब्झर्व्हर आहेच की, तिथे तो म्हणजे एक घड्याळ आणि एक मोजपट्टी, आणि त्यात कोणी चैतन्य वगैरे शोधायला गेलं नाही. क्वांटममध्ये मात्र गेले, कारण तिथे मोजल्याने निकालच बदलतो. दोन फटींचा प्रयोग बहुतेकांना ऐकून माहीत असेल, इलेक्ट्रॉन एकेक करून सोडायचे, पडद्यावर एकेक ठिपका उमटत जातो आणि भरपूर ठिपके जमले की त्यातून लाटांसारखे पट्टे दिसायला लागतात, जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ह्याच धर्तीचा प्रयोग करून ठिपक्या-ठिपक्याने पट्टे कसे तयार होतात ते दाखवलं. आता इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला ह्याची खबर कुठेतरी राहील अशी सोय करा, पट्टे गायब. इथे लोक म्हणतात, बघा, आपण बघितलं म्हणून इलेक्ट्रॉन बदलला. पण 'खबर कुठेतरी राहील' म्हणजे खरंच कुठेही, ती कोणी वाचली पाहिजे असं अजिबात नाही.

ह्याला फार छान पुरावा आहे. व्हिएन्नात १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंच्या अख्ख्या रेणूंचे असे पट्टे मिळाले, फुटबॉलसारखा दिसतो तो रेणू. त्यानंतर तिथेच सत्तर कार्बनवाला रेणू घेऊन निर्वात नळीत मुद्दाम थोडा थोडा वायू सोडून बघितलं, तर जसजसा वायूचा दाब वाढला तसतसे पट्टे फिके होत गेले. का, तर वायूचे रेणू त्या मोठ्या रेणूवर आपटतात आणि तो कुठे होता ह्याची खूण घेऊन निघून जातात. म्हणजे इथे 'ऑब्झर्व्हर' कोण झाला? वायू. तो काही ध्यान लावून बसला नव्हता! क्वांटम उभारणाऱ्यांपैकी एक असलेल्या हायझेनबर्गनेही लिहून ठेवलंय की नोंद करणारा माणूस असो की यंत्र, त्याने काही फरक पडत नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगायला हवी. चेतनेची कल्पना काही बाबालोकांनी काढलेली नाही, ती थोर लोकांनीच काढली. फॉन नॉयमन ह्या गणितज्ञाने १९३२ मध्ये गणितात दाखवलं की मोजणारं यंत्र, त्याला बघणारा डोळा, डोळ्यामागचा मेंदू, ह्या साखळीत 'निकाल लागला' ही रेघ कुठेही ओढली तरी उत्तर तेच येतं. मग यूजीन विग्नर ह्या फिजिक्सवाल्याने १९६१ मध्ये ती रेघ थेट मनाशी नेऊन ओढली, की जाणीव आली की निकाल लागतो. पण पुढे तो स्वतःच ह्यातून मागे फिरला, मोठ्या वस्तू आजूबाजूच्या जगापासून कधीच सुट्या नसतात हे लक्षात आल्यावर. हां, अनेक शक्यतांतून एकच निकाल का हाती येतो हा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही, डेव्हिड बोम ह्या फिजिक्सवाल्याचं १९५२ चं उत्तर वेगळं, ह्यू एव्हरेट ह्या दुसऱ्याचं १९५७ चं वेगळं, आणि भांडण चालू आहे. मात्र ह्या दोघांच्याही उत्तरात मनाला काही खास काम नाही.

आता आपल्या शब्दाकडे या, कारण खरी गंमत इथे आहे. साक्षी म्हणजे ज्याने प्रत्यक्ष बघितलं तो. पाणिनी हा शब्द 'साक्षात्' वरून लावतो, साक्षात् बघणारा तो साक्षी. कोर्टातला साक्षीदार तोच, त्याने बघितलंय, केलेलं काही नाही, केलं असेल तर तो साक्षीदार न राहता आरोपी होतो. आणि तत्त्वज्ञानात तर हे अजून कडक आहे. सांख्यांचा पुरुष हा साक्षी आहे, द्रष्टा आहे आणि त्याच दमात अकर्ता आहे, तो नुसता बघतो, घडामोडी सगळ्या प्रकृतीच्या. वेदांतातला साक्षीही असाच, त्याच्या बघण्याने बघितलेल्या गोष्टीत काडीचाही फरक पडत नाही. आता हे क्वांटमशेजारी ठेवा. तिथला ऑब्झर्व्हर म्हणजे असा प्रकार जो मध्ये पडल्याशिवाय राहूच शकत नाही, ज्याच्या 'बघण्याने' पट्टे जातात. म्हणजे दोन्ही अगदी उलट टोकं, आणि आपण एकाचं नाव उचलून दुसऱ्याला देतोय, वर त्यातून देव सिद्ध करतोय.

द्रष्टा तर अजूनच नको, आजच्या मराठीत द्रष्टा म्हणजे दूरचं बघणारा, द्रष्टा नेता वगैरे, आणि जुन्या अर्थाने मंत्रद्रष्टे ऋषी. वायूच्या रेणूला मंत्रद्रष्टा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आणि समजा हट्टाने तो अर्थ धरलाच, की कोणी बघितलं की कणाचा निकाल लागतो आणि देव सर्वसाक्षी आहे, तर काय होईल? देव दोन्ही फटींकडेही बघत असणार ना, सर्वसाक्षी म्हटल्यावर. मग पट्टे कधीच दिसायला नकोत, कुठल्याच प्रयोगात. पण ते दिसतात. म्हणजे हा युक्तिवाद खरा मानला तर त्यातून सर्वसाक्षी देव नाहीच असं निघेल! अर्थात तेही निघत नाही, कारण देवाचं बघणं म्हणजे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आपटवून बघणं असं कुठलाच श्रद्धावान म्हणत नाही. युक्तिवाद दोन्हीकडून गळतो, कारण 'बघणं' हा शब्द दोन्हीकडे एकच असला तरी गोष्ट एक नाही.

बरं, मग जुळतं की नाही? तुमचा देव कसा आहे त्यावर आहे. आईनस्टाईनचं 'देव फासे टाकत नाही' सगळ्यांना पाठ असतं, ते १९२६ च्या डिसेंबरमध्ये मॅक्स बॉर्न ह्या फिजिक्सवाल्या मित्राला लिहिलेल्या पत्रातलं, आणि तिथे त्याने देव म्हटलेलंच नाही, जर्मनमध्ये 'तो म्हातारा' अशा अर्थाचा शब्द आहे, जरा लाडाने आपण म्हातारबुवा म्हणू तसा. १९२९ मध्ये त्याने हेही सांगून टाकलं की मी स्पिनोझा ह्या तत्त्वज्ञाचा देव मानतो, जगाच्या नियमबद्ध मेळात दिसणारा, माणसांच्या नशिबात आणि उद्योगांत लक्ष घालणारा नाही. म्हणजे त्याची तक्रार निसर्गात मुळातच योगायोग आहे ह्याबद्दल होती, नास्तिक-आस्तिक वादात ती ओढणं म्हणजे परत शब्दाचाच घोटाळा.

ज्यांच्या देवाने सगळं आधीच कपाळावर लिहून ठेवलंय त्यांना क्वांटम थोडं टोचतं, कारण नेहमीच्या मांडणीत रेडियमचा एखादा अणू कधी फुटेल ह्याला आधीचं कारणच नसतं, फक्त शक्यता असते. थोडंच टोचतं म्हणतो कारण बोमच्या मांडणीत सगळं ठरलेलंच आहे आणि आकडे तेच येतात. उलट बाजूने विल्यम पोलार्ड, जे फिजिक्सवाले असून पुढे धर्मोपदेशकही झाले, त्यांनी १९५८ मध्ये म्हटलं की ह्या योगायोगातूनच देव काम करतो. आता देवाने ठराविक दिशेने ढकललं तर आकडेवारी हलेल आणि ती प्रयोगात सापडेल, आकडेवारी न हलवता ढकललं तर प्रयोगाला ते कधीच दिसणार नाही. म्हणजे पोलार्डना खोटं ठरवता येत नाही, पण फिजिक्स त्यांच्या बाजूने आहे असंही म्हणता येत नाही. माझं मत विचाराल तर ही मोकळी जागा देवासाठी फारच अरुंद आहे, पण ते माझं मत.

क्वांटमच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या श्रोडिंजरचं नाव ह्यात हमखास येतं, कारण त्याला वेदांताची खरोखर ओढ होती. पण त्यानेच लिहिलंय की वेव्ह मेकॅनिक्स (त्याची स्वतःची क्वांटमची मांडणी) आणि अनिश्चितता वगैरेचा जगाकडे बघायच्या तत्त्वज्ञानाशी लोक समजतात तेवढा संबंध नाही. हे वाक्य फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. आणि १९७९ चं फिजिक्सचं नोबेल बघा, अब्दुस सलाम पक्के श्रद्धाळू, मेजवानीच्या भाषणात कुराणातल्या ओळी म्हणणारे, आणि स्टीव्हन वाइनबर्ग पक्के नास्तिक, दोघांना एकाच सिद्धांतासाठी मिळालं (ग्लॅशोही त्यात होते). समीकरणं तीच होती.

तर त्या लेखात दुरुस्ती करायची असेल तर 'साक्षीशिवाय कणाला अस्तित्व नाही' च्या जागी 'मोजमाप होईपर्यंत कणाची जागा ठरलेली नसते' असं करा, तेही 'नेहमीच्या मांडणीप्रमाणे' असं जोडून. आणि तिथे पुढे 'देवकण' (हिग्ज बोसॉन ह्या कणाचं टोपणनाव) पण असेलच, तोही काढा. ते नाव फिजिक्सवाल्या लेडरमनच्या १९९३ च्या पुस्तकाच्या शीर्षकातून पसरलं, ज्यांच्या नावाचा तो कण त्या खुद्द हिग्जना ते आवडत नव्हतं, 'हिग्ज बोसॉन' लिहा, त्यातल्या बोसॉनमध्ये निदान सत्येंद्रनाथ बोस तरी आहेत.