बैठकीत होकार, बाहेर कुरकुर

प्रश्न : आमच्या नऊ जणांच्या गटात वय, भाषा, अनुभव सगळं वेगवेगळं आहे. तरी बैठकीत प्रत्येक ठराव बिनविरोध होतो आणि बाहेर पडताच तक्रारी सुरू होतात. असं का?

उत्तर : बहुधा तुम्ही हात वर करून मत घेता, आणि प्रमुख आधी बोलतात. मग उरलेले अंदाज घेऊन मान डोलावतात. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत रेघांच्या लांबीसारख्या उघड गोष्टीतही सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाच्या चुकीच्या उत्तराबरोबर गेली. मात्र खरं बोलणारा एकच साथीदार मिळाला की हे प्रमाण खूप घसरलं.

म्हणून चर्चेआधी पाच मिनिटं प्रत्येकाने निनावी चिठ्ठीवर मत आणि एक धोका लिहावा. चिठ्ठ्या तिसऱ्याच कुणी वाचाव्यात. अक्षर ओळखू येतं, तेव्हा टाइप केलेल्या बऱ्या. प्रमुखांनी शेवटी बोलावं. मग शून्य (अजिबात नाही) ते पाच (पूर्ण) अशी सहमती विचारा. दोन किंवा कमी आकडा देणाऱ्याला ‘का?’ विचारू नका, तो बचावात जातो. ‘काय बदललं तर तीन द्याल?’ असं विचारा. सहमती म्हणजे सगळ्यांची पहिली पसंती नव्हे, निर्णय निभावून नेण्याची तयारी.

एक अपवाद. कुणाच्या सुरक्षिततेचा, सन्मानाचा किंवा खोटी नोंद करण्याचा प्रश्न असेल, तर मतदान घेऊच नका. आठ विरुद्ध एक असलं तरी तो एकटा बरोबर असू शकतो. त्याचा आक्षेप इतिवृत्तात त्याच्याच शब्दांत लिहा आणि गटाबाहेरच्या जबाबदार व्यक्तीकडे पाठवा.